जर्मन प्रकाशकाचा मेल आलाय, हक्क कसे द्यायचे?

कोरेगावकर:
आमच्या काकांची एक कादंबरी आहे, १९९८ ला एका छोट्या प्रकाशनाने काढलेली. मध्यंतरी तिचं इंग्रजी भाषांतर आलं आणि ते वाचून आता जर्मनीतल्या एका प्रकाशकाचा मेल आलाय, ॲडव्हान्स ८०० युरो म्हणतायत. काका म्हणतात देऊन टाक, या वयात जर्मनीत छापून येतंय हेच खूप. पण मसुद्यात लिहिलंय 'जगभरातले, सर्व भाषांचे हक्क, कॉपीराइट संपेपर्यंत'. आणि मराठी प्रकाशक म्हणतो भाषांतराचे हक्क माझ्याकडेत, निम्मे पैसे मला. कुणी केलाय का असा व्यवहार?

शाईचा डाग:
सर्व भाषांचे?? अजिबात नको. त्यांना जर्मनमध्ये काढायचंय ना, मग जर्मन भाषेचे द्या, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये विकू देत खुशाल. मुदत ५-७ वर्षं, आणि सही झाल्यापासून दोन वर्षांत पुस्तक आलं नाही तर हक्क परत आपल्याकडे, ॲडव्हान्स मात्र परत द्यायचा नाही, हे लिहूनच घ्या. ८०० वर घासाघीस करत बसू नका, छोट्या प्रकाशकाकडून तेवढेच येणार, त्यापेक्षा रॉयल्टी कशावर मोजणार ते विचारा. छापील किमतीतून व्हॅट वजा करून टक्केवारी धरली तर ठीक, पण 'प्रकाशकाच्या हाती आलेली रक्कम' असं असेल तर दुकानदाराचं कमिशन आधीच गेलेलं असतं आणि समजा ६ टक्के ठरले असतील तर हातात निम्मेच येतात.
आणि उलट तुमच्याकडेच छपाईखर्च मागितला तर उत्तरसुद्धा देऊ नका.

विदर्भ एक्सप्रेस:
मराठी प्रकाशकाचं तोंडी ऐकू नका, काकांचा मूळ करार शोधा. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघा, हक्क दिल्याची मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. बऱ्याच जुन्या मराठी करारांत हे दोन्ही नसतं, कित्येकदा तर करारच नसतो, नुसता चहा पिऊन ठरलेलं असतं.

निशिगंधा:
एक कुणी विचारलंच नाही, जर्मन भाषांतर थेट मराठीतून करणारेत का इंग्रजीवरून? मराठीतून जर्मनमध्ये नेणारी माणसं फार थोडी, त्यामुळे बहुतेक इंग्रजीवरूनच होईल. तसं असेल तर इंग्रजी भाषांतरकाराचाही त्या मजकुरावर कॉपीराइट असतो, त्याची परवानगी आणि वाटा आधी ठरवा, नाहीतर पुस्तक प्रेसला जाताना भांडण.
टॅक्सचं पण बघा. जर्मनीत रॉयल्टीवर १५ टक्के आणि वर सरचार्ज कापतात, भारत-जर्मनी कर-कराराप्रमाणे १० च्या वर कापायला नको, पण त्यासाठी काकांचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (करासाठी ते भारताचे रहिवासी आहेत असा आपल्या आयकर खात्याचा दाखला) लागतं. सीएला आत्ताच सांगून ठेवा. आणि प्रकाशक खर्चाचं रडगाणं गायला लागला तर त्याला नॅशनल बुक ट्रस्टची योजना सुचवा, भारतीय पुस्तकांच्या परदेशी भाषांतराला ते मदत देतात, अर्ज तिकडच्या प्रकाशकानेच करायचा.

कोरेगावकर:
करार सापडला, एकच पान! मुदतही नाही, प्रदेशही नाही, भाषांतराचा तर उल्लेखच नाही. इंग्रजीवाल्यांच्या करारात मात्र 'इंग्रजी, भारतीय उपखंड' असं स्पष्टय.

विदर्भ एक्सप्रेस:
मग निम्मे कशाचे मागतोय तो? तरी ते पान वकिलाला दाखवा आणि मराठी प्रकाशकाकडून भाषांतराच्या हक्कांवर दावा नाही असं दोन ओळींचं पत्र घ्या. जर्मनवाले सहीआधी ते मागणारच.