त्वचारोपणानंतर हाताचा वण जाड होतोय, बोट वाकतंय

सानपाड्याची लेक: आईच्या उजव्या हातावर फोडणीचं तेल सांडलं. मांडीची कातडी घेऊन हातावर लावली, त्याला तीन महिने झाले. जखम भरली, पण वण तांबडा, दोरीसारखा उंच झालाय. रात्री झोपेत ती खाजवते. करंगळीही सरळ होत नाही. शेजारच्या काकू हळद लावा म्हणतात. काय करू?

मानेवरचा वण: ताई, आधी करंगळी बघा. वण आक्रसतो तसा सांधा ओढला जातो, म्हणून याच आठवड्यात सर्जनना दाखवा. माझी मान अशीच हनुवटीकडे ओढली जात होती. रात्रीच्या स्प्लिंटने (सांधा सरळ धरून ठेवणारा कडक आधार) आणि व्यायामाने थांबली. प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे वण दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा, मिळाला तर आंघोळ सोडून दिवसरात्र घालायचा. सिलिकॉन शीट, म्हणजे वणावर लावायची मऊ पट्टी, दिवसाला किमान १२ तास. साबणाने धुऊन तीच परत वापरता येते. लावलेल्या कातडीत तेलग्रंथी नीट काम करत नाहीत, त्यामुळे ती कोरडी पडून खाजते. मी साधं व्हॅसलीन लावून, वण क्षणभर पांढरा पडेल इतपत अंगठ्याने दाबत मालिश करायचे. हळद नकोच. तांबूसपणा जायला दीड वर्ष लागलं, धीर धरा.

ठाण्याचा फिजिओ: उन्हात पूर्ण बाह्या घाला, नाहीतर रोपण काळं पडतं. खाजेसाठी डॉक्टर गोळी देतात, सोसू नका.

सानपाड्याची लेक: उद्याचीच वेळ घेतली. आईने आज पोळी लाटायला घेतली होती, करंगळी पोळपाटाला टेकेना. बघवलं नाही हो.