फ्रान्समधल्या लुआर नदीकाठी एक दिवस सायकल: तूर ते ब्लुआ झेपेल का?

यवतेश्वर_घाटवाला (सातारा):
लेक तूरला शिकायला आहे, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. एक दिवस मला सायकलसाठी मोकळा मिळालाय (हिनं स्पष्ट सांगितलंय, एकच!). वय ५७. रविवारी पोवई नाक्यावरून कासपर्यंत जातो, त्यामुळे चढाची भीती नाही. ब्लुआहून तूरला यावं की उलट? वाटेत शाकाहारी खाण्याचं काय? आणि राजवाडे किती बघून होतील?

तासगावचा_बागायतदार:
दादा, कास चढणाऱ्याला तिथं चढ शोधावा लागंल. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. फक्त तूरहून ब्लुआकडं जा. वारा बहुतेक पश्चिमेकडनं, समुद्राकडनं येतो, म्हणजे पाठीवर. परत रेल्वेनं या, पाऊण तासाच्या आसपास लागतो. सायकल चढवायचे नियम मात्र लेकीला आधी बघायला सांगा, उन्हाळ्यात गर्दी असते.

‘लुआर आ व्हेलो’ या नदीकाठच्या सायकल रस्त्याच्या पाट्या बघत जायचं. हा रस्ता सगळा मिळून ९०० किलोमीटरचा, त्यातला तुमचा हा तुकडा. मोंलुईपाशी द्राक्षबागा लागतात, मी तिथंच रेंगाळलो. आपल्यासारखा मांडव नाही, कमरेएवढ्या तारांवर सरळ ओळी, खाली उभं राहायला सावलीसुद्धा नाही. आपल्याकडं जूनमध्ये एप्रिल छाटणीनंतरचा नुसता पाला असतो, तिथं तेव्हा फुलोरा सरून मणी धरायला लागलेले. बायको म्हणाली, इथंपण बागच बघायला आलात का!

राजवाडा आतून एकच बघा. आंब्वाझ घ्या, लिओनार्दो दा विंचीची कबर तिथल्या छोट्या चॅपलमध्ये आहे. १५१९ साली त्याच गावात वारला तो. शोमों बाहेरूनच बघा. शांबोर ब्लुआच्या पुढं आहे, त्याचा मोह नको.

जेवणाचं मात्र मनावर घ्या. दुपारी बारा ते दोन गावातली दुकानं बंद होतात, काही बेकऱ्या सोमवारीपण. पाव सकाळीच घेऊन ठेवा. दुकानात शिरल्या शिरल्या ‘बोंजूर’ म्हणायचं, मगच मागायचं, नाहीतर तोंड फिरवतात. पाणी गावच्या दफनभूमीतल्या नळाला मिळतं, सायकलवाले तिथंच बाटल्या भरतात. ‘नों पोताब्ल’ (पिण्याचं नाही) लिहिलं असेल तर सोडून द्या.

मिरजेची_माई:
शाकाहारी असाल तर चीज जपून हो. त्या भागातलं सेंत-मोर प्रसिद्ध, शेळीच्या दुधाचं, वरून राख, आत आरपार एक काडी. चवीला छान म्हणतात, पण असल्या चीजमध्ये बऱ्याचदा जनावराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं. आमचे हे कळल्यावर नुसत्या पाव-लोण्यावर आले. भडंग न्या, टिकतं, वजन नाही.

यवतेश्वर_घाटवाला:
माई, कंदी पेढे बांधलेच आहेत, भडंगपण घेतो. बागायतदार साहेब, भाड्याची सायकल पंक्चर झाली तर?

तासगावचा_बागायतदार:
घेतानाच ट्यूब, लिव्हर, पंप मागून घ्या. वॉल्व बहुधा बारीक असतो, पेट्रोलपंपावरची हवा त्याला बसत नाही. आणि उजवीकडनं चालवायचंय! वळताना हात दाखवायची सवय आत्तापासून करा. अंधार पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जॅकेट कायद्यानं लागतं, पण जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतोय, त्यामुळं घाई करू नका. वहिनींना तेवढं आधी सांगून ठेवा.