लेझरने पाण्यातला आवाजाचा वेग मोजतोय, दोन वेगवेगळी उत्तरं येतायत

पाण्याच्या काचेच्या टाकीत 1 मेगाहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर (विजेच्या सिग्नलपासून आवाजाची लाट सोडणारा) लावलाय आणि त्याच्या समोरून दोन लेझर किरण आडवे नेलेत, दोघांत 100 मिमी अंतर. आवाजाची लाट किरणातून गेली की तिथला अपवर्तनांक (पाणी प्रकाशाला किती वाकवतं तो आकडा) जरासा बदलतो, किरण किंचित हलतो, अर्धा किरण ब्लेडने अडवलाय त्यामुळे फोटोडायोडवर उजेड कमीजास्त होतो. स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) दोन्ही सिग्नलमधला वेळ बघतो. बहुतेक वेळा 66.6 मायक्रोसेकंद येतो म्हणजे 1502 मी/से, पण मधेच 67.6 येतो म्हणजे 1479. पुस्तकात 1482 आहे, म्हणून 67.6 वालीच रीडिंग धरावीत असं वाटतंय. बरोबर आहे का?

तरंगलांबी:
थांबा, ती रीडिंग टाकून देऊ नका! आधी सांगा पाण्याचं तापमान किती? 1482 हा 20 अंशाचा आकडा आहे. 25 ला साधारण 1497 होतो, 30 ला 1509.

प्रश्नकर्ता:
थर्मामीटर 27 दाखवतोय. हे डोक्यातच आलं नव्हतं.

तरंगलांबी:
मग 1502 च बरोबर. आणि दोन रीडिंगमधला फरक बघा, नेमका 1 मायक्रोसेकंद, म्हणजे 1 मेगाहर्ट्झच्या लाटेचं अख्खं एक आवर्तन. दूरच्या किरणापाशी लाट थोडी क्षीण होऊन पोचते, तिचं पहिलं शिखर कधीकधी ट्रिगरच्या पातळीपर्यंत (सिग्नल जिथवर चढला की स्कोप वेळ धरतो) चढत नाही आणि स्कोप पुढचं शिखर पकडतो. पुस्तकातल्या आकड्याच्या जवळ आलं ते निव्वळ योगायोगाने, आणि असाच योगायोग सगळ्यात जास्त फसवतो. पातळीवर वेळ मोजू नका, दोन्ही सिग्नल सेव्ह करून एकमेकांवर सरकवून जुळवा, सुरुवातीचा भाग धरून, नाहीतर तिथेही एक आवर्तन चुकेल.

जुनी_प्रयोगशाळा:
वरचं सगळं पटलं. पण ते 100 मिमी कशाने मोजलंत? पट्टीने असेल तर 0.1 मिमी चूक म्हणजे दीड मी/से गेलेच, शिवाय दोन किरण पाण्यात समांतर आहेत याची खात्री काय. मी एकच किरण ठेवतो आणि ट्रान्सड्यूसर मायक्रोमीटरच्या स्टेजवर बसवून सरकवतो, सिग्नल किती उशिरा येतो तेवढंच बघायचं, ट्रान्सड्यूसरचा आणि सर्किटचा स्वतःचा उशीर वजाबाकीत आपोआप निघून जातो. किरण बारीक करा मात्र, लाटेची लांबीच दीड मिमी आहे, तेवढाच जाड किरण असेल तर शिखर आणि दरी एकत्र मिसळून सिग्नल मरतो. नळाचं पाणी रात्रभर ठेवून मग वापरा, काचेवर आणि ट्रान्सड्यूसरवर बुडबुडे धरतात.

प्रकाशवेडा:
पडताळणीसाठी विवर्तनाची (प्रकाश फाकून ठिपके पडण्याची) पद्धतही करून बघा, डिबाय आणि सिअर्सनी 1932 मध्ये दाखवलेली. सलग लाट सोडली की पाणीच बारीक रेघांच्या विवर्तन जाळीसारखं वागतं आणि लेझरचे पडद्यावर ओळीने ठिपके पडतात. 5 मेगाहर्ट्झ, 650 नॅनोमीटरचा लाल लेझर आणि पडदा 3 मीटरवर, तर ठिपक्यांत साधारण साडेसहा मिमी अंतर येतं. तुमच्या 1 मेगाहर्ट्झला जेमतेम 1.3 मिमी, मोजायला अवघड. ठिपक्यांच्या अंतरावरून आवाजाचा वेग काढायच्या सूत्रात प्रकाशाची हवेतली तरंगलांबी घाला, कारण काचेतून बाहेर पडताना कोन वाढतो, इथे खूप जण पाण्यातली घालतात.

प्रश्नकर्ता:
सिग्नल जुळवून बघितले, वीसच्या वीस वेळा 66.5 ते 66.7 च्या मधेच. आता मायक्रोमीटरवाली स्टेज शोधतो.