नुसतं कवच बघून भागत नाही
काही जण म्हणतात की जात ओळखायला फोटो नीट असेल तर डीएनएची भानगड कशाला. गोगलगायींच्या बाबतीत तिथेच गोची होते. फायसा अक्यूटा या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचंच घ्या. १८०५ मध्ये तिचं वर्णन झालं फ्रान्समधून, पण ती मूळची उत्तर अमेरिकेची. आसपास शिकारी मासे आहेत की क्रेफिश (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी), यावर तिच्या कवचाची ठेवणही बदलते! म्हणून पायाचा तांदळाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून सीओआय हे जाती ओळखायला वापरलं जाणारं जनुक वाचतात आणि डेटाबेसमधल्या नोंदींशी ताडून बघतात.

पण त्यातही मेख आहेच. हे जनुक मायटोकाँड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातलं), म्हणजे आईकडून आलेलं. पोमासिया कॅनालिक्युलाटा आणि पोमासिया मॅक्युलाटा या गोगलगायींच्या दोन जातींचा संकर होतो. तिथे नुसतं सीओआय बघितलं तर संकरित पिल्लू सरळ आईच्या जातीत जाऊन बसतं. जोडीला पेशीच्या केंद्रकातलं, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेलं, एखादं जनुक हवंच. आणि डेटाबेसमधला नमुनाच चुकीच्या नावाने नोंदलेला असेल, तर मुसळ केरात.