काडतुसाच्या पुंगळीच्या तळाची क्रिम्प (आत दाबलेली कड) काढायला रीमर (कापणारा) बरा की स्वेजर (दाबणारा)?

लातूर_टर्नर:
राम राम मंडळी. पुतण्या टेक्सासला असतो. तिकडं कायद्यानं चालतं म्हणून रेंजवर झाडलेल्या पुंगळ्या घरीच परत भरतो. आता त्यानं ५.५६ मिमी रायफलीच्या लष्करी पुंगळ्यांची गोणी स्वस्तात उचललीय. जुना प्राइमर (तळातली ठिणगी देणारी टोपी) निघतो, पण नवा बसंना. तिरपा होतो, चपटतो. फोटो मोठा करून बघितला तर प्राइमर बसतो त्या खड्ड्याच्या तोंडाला पितळ आत दाबल्याची गोल कड साफ दिसायलीय. "काका, तुमचा जन्म लेथवर गेला, कोणतं हत्यार घेऊ सांगा" म्हणतोय. साधा काउंटरसिंक (भोकाचं तोंड तिरकं कापणारा), हातानं फिरवायचा रीमर, प्रेसमधला आरसीबीएसचा स्वेजर का टेबलावरचा डिलन सुपर स्वेज ६००? आपण पितळी बुश करणारी माणसं, काडतुसातलं काही कळत नाही. कापावं का दाबावं?

परभणी_माजी_सैनिक:
ती कड मुद्दाम केलेली असते. ऑटोमॅटिक फायरमध्ये प्राइमर मागं सरकून बाहेर आला की रायफल अडकते, म्हणून कारखान्यातच गच्च करतात. कुठं पूर्ण गोल, कुठं नुसते तीन-चार टोचे. एकदा काढली की त्या पुंगळीला परत काढायला लागत नाही.

वाळूज_टूलरूम:
दादा, काउंटरसिंक पहिल्यांदा बाजूला ठेवा. त्याला थांबा नसतो, हात जरा जड पडला की चॅम्फर (तोंडाचा तिरका काप) खोल जातो. तो प्राइमर साधारण ४.४५ मिमीचा अन् खड्डा त्याहून किंचित लहान, म्हणजे आपली प्रेस फिटच. आपल्याला फक्त तोंडाची कड मोडायचीय, भोक मोठं करायचं नाही. भोक सैल झालं तर गॅस मागून निसटतो अन् रायफलीच्या बोल्टच्या (पुंगळीला मागून टेकणाऱ्या भागाच्या) तोंडावर खड्डे पाडतो.

स्वेजर पितळ कापत नाही, बाजूला सारतो, त्यामुळं काम सुबक होतं. पण डिलनमध्ये पुंगळीच्या आतून एक दांडा तळाला टेका देतो, अन् तळाची जाडी कंपनीगणिक बदलते. एका छापाला बसवलेली सेटिंग दुसऱ्याला एकतर कमी दाबते नाहीतर जास्त. सगळा माल एलसी (अमेरिकेतला लेक सिटी कारखाना) अशा एकाच छापाचा असला तर डिलन डोळे झाकून घ्या, हजारोंचं काम असेल तर पैसे वसूल. गोणीत मिसळ असली तर खांदा असलेला रीमर घ्यावा. खांदा तळाला टेकला की धार पुढं जात नाही, तळ जाड असो का पातळ. माझं मत रीमरकडं. शिवाय प्राइमर पॉकेटचं, म्हणजे त्या खड्ड्याचं, गो-नोगो गेज मागवायला सांगा; गो टोक आत जायला पाहिजे, नोगो जाता कामा नये. नोगो आत गेलं की पुंगळी भंगारात, हळहळ करायची नाही.

नांदेडचा_पोरगा:
आपल्याकडं घरी भरता येतं का? शेतात रानडुकरं लई झालीत.

परभणी_माजी_सैनिक:
लायसनशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली गुन्हा आहे. डुकरांसाठी वनखात्याकडं अर्ज कर बाबा.
अन् लातूरकर, पुतण्याला सांगा, आधी तळाचा छाप बघून ढीग वेगळे कर. आत डोकावून दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन (दुसऱ्या जातीच्या) प्राइमरची पुंगळी, प्राइमर काढायची पिन मोडंल, ती बाजूला काढ. न फुटलेला प्राइमर आत असताना तर हत्यार लावायचंच नाही.

लातूर_टर्नर:
आत्ताच बोललो. गोणीत चार-पाच छाप निघालेत म्हणे, मग रीमरच. आता विचारायलाय, ड्रिलला लावू का?

वाळूज_टूलरूम:
थोड्या पुंगळ्या असतील तर हातानंच, पितळ मऊ असतं, दोन-तीन फेऱ्या बास. ढीग मोठा असंल तर ड्रिल सगळ्यात कमी स्पीडवर, अन् खांदा टेकला की लगेच सोडायचं. चष्मा घालायला लावा, पितळेची किस डोळ्यात लई खुपते.