जर्मनीत मुलीला जिम्नॅस्टिक्स आणि पोहण्यासाठी फेराइनमध्ये घालावे का?

इसारकाठची आई

नमस्कार मंडळी. आम्ही चार महिन्यांपूर्वी पुण्याहून म्युनिकला राहायला आलो. मुलगी सात वर्षांची आहे. पुण्यात ती दोन वर्षे मल्लखांबाला जात होती आणि इथे आल्यापासून सोफ्याच्या पाठीवरून कोलांट्या मारते, त्यामुळे तिला लवकर कुठेतरी घालणे सोफ्याच्याही हिताचे आहे. शेजारणीने वस्तीतला एक फेराइन, म्हणजे नोंदणीकृत क्रीडा मंडळ, सुचवले. तिथे मुलांसाठी जिम्नॅस्टिक्स आणि पोहणे असे दोन्ही विभाग असून वर्षाची वर्गणी १०० युरोंच्या आसपास आहे. एका खासगी जलतरण वर्गाने मात्र केवळ दहा तासिकांसाठी याच्या दुप्पट रक्कम सांगितली. इतक्या कमी पैशांत शिकवणारे कसे असतील? शिवाय, सदस्यत्व वर्षअखेरीसच सोडता येते आणि तेही आधी लेखी कळवून, असे अर्जात लिहिले आहे. पोहण्याच्या गटाची प्रतीक्षायादी किती लांब आहे, हे विचारल्यावर कार्यालयातील बाई नुसत्या हसल्या. आपले अनुभव कळवावेत.

न्यूर्नबर्गकर

ताई, तुम्ही वर्गणीची तुलना शिकवणीच्या फीशी करत आहात, तिथेच गफलत होते आहे. फेराइन तुम्हाला तासिका विकत नाही, तर तुमच्या मुलीला सदस्य करून घेतो. किमान सात जणांनी एकत्र येऊन घटना लिहायची, न्यायालयात नोंदणी करायची आणि सार्वजनिक हिताचे काम असल्याची मान्यता करखात्याकडून मिळवायची, अशी ही रचना आहे. नफा वाटून घेण्याची मुभा नसते. व्यायामशाळा आणि तलाव बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचे असतात, शिकवणारे पुष्कळदा आपली नोकरी सांभाळून संध्याकाळी येतात आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन असते. वर्गणी कमी असण्याचे कारण हे आहे. आपल्याकडच्या जुन्या व्यायाम मंडळांचा कारभार ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

यामागची परंपराही मोठी आहे. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हासेनहायडे येथे उघड्यावर आखाडा सुरू केला. आडवी दांडी आणि समांतर दांड्या ही साधने त्यांच्यामुळेच सर्वत्र पोहोचली. हेतू मात्र निव्वळ आरोग्याचा नव्हता. नेपोलियनशी लढण्यासाठी तरुण तयार करायचे होते आणि यान यांचा राष्ट्रवाद आज वाचताना अस्वस्थ करतो. पुढे प्रशियाच्या सरकारलाच या मंडळींची धास्ती वाटू लागली आणि १८४२ पर्यंत सार्वजनिक जिम्नॅस्टिक्सवर बंदी राहिली. तुमच्या शहरातला १८६० नावाचा फुटबॉल संघ मुळात जिम्नॅस्टिक्सच्या मंडळाचाच भाग आहे, आणि तिथलाच बायर्न हा फुटबॉल संघसुद्धा १९०० मध्ये अशाच एका मंडळातून फुटून निघालेल्या खेळाडूंनी काढला.

डब्यावर शिकलेला

जिम्नॅस्टिक्सबद्दल मी काही बोलणार नाही, पण पोहण्याच्या बाबतीत केवळ एका फेराइनच्या यादीवर विसंबून राहू नका. उथळ आणि कोमट पाण्याचे शिकाऊ तलाव मोजके, प्रशिक्षक अपुरे आणि त्यात करोनाच्या काळात बंद पडलेले वर्ग, यामुळे हा अनुशेष साचला. जर्मन जीवरक्षक संस्थेने, म्हणजे डीएलआरजीने, २०२२ मध्ये करून घेतलेल्या पाहणीत सहा ते दहा वर्षांच्या सुमारे २० टक्के मुलांना पोहता येत नसल्याचे पालकांनी सांगितले होते, आणि २०१७ मध्ये हेच प्रमाण १० टक्के होते. तेव्हा फेराइन, डीएलआरजीची स्थानिक शाखा आणि नगरपालिकेचा तलाव अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी नाव नोंदवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिली परीक्षा ‘झेपफेर्डशन’, म्हणजे समुद्रघोडा, या नावाने ओळखली जाते. काठावरून उडी मारून २५ मीटर पोहणे, खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू वर आणणे आणि तलावाचे नियम सांगता येणे एवढीच तिची अपेक्षा असते. ते चिन्ह पोहण्याच्या कपड्यावर शिवले की पालक निर्धास्त होतात, आणि नेमके तेच चुकते. डीएलआरजी मुलाला भरवशाचा पोहणारा मानते ते पुढच्या ब्राँझ परीक्षेनंतर, ज्यात १५ मिनिटांत किमान २०० मीटर पोहावे लागते. आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो; तिथे ना चिन्ह होते ना परीक्षा, पण डबा सुटेपर्यंत कोणी आम्हाला पोहणारा म्हणतही नसे.

शनिवारची प्रशिक्षक

मी एका छोट्या गावातील फेराइनमध्ये सहा वर्षांपासून मुलांचा जिम्नॅस्टिक्सचा गट घेते. न्यूर्नबर्गकरांचे चित्र खरे आहे, पण थोडे गोड आहे. शिकवणाऱ्यांचा दर्जा गटागणिक बदलतो. कोणाकडे १२० तासिकांचा परवाना असतो, तर कोणी केवळ उत्साही पालक असतो, म्हणून हे आधीच विचारावे. त्यात कोणाला राग येत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्यांचा विस्तृत पोलीस दाखला मंडळ तपासते का, हेही विचारावे. उत्तर देताना कोणी चाचरले, तर दुसरे मंडळ शोधावे.

सदस्य होण्यापूर्वी एक-दोन तासिका विनामूल्य करून पाहता येतात. तेव्हा मुलीपेक्षा साधनांपाशी उभ्या मुलांकडे लक्ष द्या. वीस मुले एका तुळईपुढे रांगेत उभी असतील, तर तासातला बराच वेळ वाट पाहण्यातच जातो. गाद्या पुरेशा आहेत का आणि चुकलेल्या मुलाला हात देणारे कोणी जवळ आहे का, ते पाहा. शाळेच्या सुट्ट्यांत गट बहुधा बंद असतो, याचाही हिशेब धरा.

मल्लखांबाचा उल्लेख प्रशिक्षकांपाशी जरूर करा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला आपले देशी खेळ दाखवून गेले होते, परंतु इथे आज तो शब्द कोणाला ठाऊक नसतो. पकड आणि पोटातली ताकद तिच्याकडे आधीच असेल, मात्र उडीनंतर गादीवर दोन्ही पायांवर उतरण्याची सवय नव्याने लावावी लागेल. माझ्या गटात आलेल्या एका मराठी मुलाला त्यासाठीच तीन महिने लागले.

इसारकाठची आई

सर्वांचे आभार. पोहण्यासाठी तिन्ही ठिकाणी नाव नोंदवले आहे आणि गुरुवारी पहिली विनामूल्य तासिका आहे. अर्जाच्या शेवटी ‘आपण मंडळाला कोणत्या कामात मदत करू शकाल’ असा रकाना होता, तो मी रिकामा ठेवणार होते. आता तिथे ‘हिशेब’ असे लिहिले आहे. जर्मन येत नसली तरी आकडे येतात.

शनिवारची प्रशिक्षक

जपून, ताई. पुढच्या वार्षिक सभेत तुम्हाला खजिनदार करतील.