इन्स्टॉलरने लावलेलं वायफाय डेस्कटॉपला दिसत नाही, काय करावं?

नवाभिडू: लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकताना डेस्कटॉप निवडला नव्हता. वायफायचा पासवर्ड इन्स्टॉलरमध्येच दिला. नंतर ग्नोम डेस्कटॉप टाकला. नेट व्यवस्थित चालतंय, पण सेटिंग्जमध्ये वायफायची यादीच येत नाही आणि टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' ही कमांड दिली की कार्डापुढे 'अनमॅनेज्ड' असं येतं. पुन्हा इन्स्टॉल करू का?

खटपट्या: अजिबात नको. इन्स्टॉल होताना नेटवर्कमॅनेजर (डेस्कटॉपचं नेट सांभाळणारा प्रोग्राम) नव्हता, म्हणून इन्स्टॉलरने सगळी माहिती ईटीसी-नेटवर्क फोल्डरातल्या 'इंटरफेसेस' फाइलीत लिहिली. आता त्या फाइलीत ज्या कार्डाचं नाव आहे त्याला नेटवर्कमॅनेजर मुद्दामच हात लावत नाही, ते 'इफअपडाउन'चं (तीच फाइल वाचून नेट जोडणाऱ्या दुसऱ्या साधनाचं) आहे असं समजतो. डेस्कटॉप तेव्हाच निवडला असता तर इन्स्टॉलरने त्या फाइलीत फक्त लूपबॅक ('एलओ', संगणकाचा स्वतःशीच जोड) ठेवलं असतं.

आधी वायफाय कार्डाचं नाव देऊन 'इफडाउन' (कार्ड बंद करणारी कमांड) चालवा, फाइल नंतर उघडा. उलट केलंत तर जुना डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायला पासवर्ड देऊन जोडणारा प्रोग्राम) मागे चालूच राहतो आणि मग कार्डावरून ओढाताण. फाइलीची प्रत काढून त्या कार्डाच्या सगळ्या ओळींपुढे # टाका (म्हणजे त्या वाचल्या जात नाहीत), 'एलओ'च्या ओळी तशाच ठेवा. नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट केला की यादी येईल. पासवर्ड पुन्हा द्यावा लागेल. (आणि हे एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून जोडून, करू नका, पहिल्याच कमांडला बाहेर पडाल!)

मधलीवाट: एवढं कशाला? नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ फाइलीत इफअपडाउनखाली 'मॅनेज्ड' ट्रू करा, झालं.

खटपट्या: चालतं, पण मला पटत नाही. इंटरफेसेसमधल्या ओळी तशाच राहतात, म्हणजे बूट होताना इफअपडाउनही तेच कार्ड उठवायला जाणार. एका कार्डाला एकच मालक बरा. शिवाय त्या फाइलीत पासवर्ड बहुतेक वेळा साध्या अक्षरांत पडलेला असतो, ती प्रतही नंतर पुसून टाका.

टर्मिनलबाई: खटपट्यांशी सहमत, पण फक्त लॅपटॉपपुरतं. कोपऱ्यात ठेवलेला, स्थिर आयपीचा (कायम एकच नेटवर्क पत्ता असलेला), केबलवरचा सर्व्हर असेल तर इंटरफेसेस फाइलच ठेवा आणि नेटवर्कमॅनेजर टाकूच नका.

उबुंटूवाल्यांनी मात्र ती फाइल शोधत बसू नये. तिथे 17.10 या आवृत्तीपासून नेटवर्कची मांडणी नेटप्लॅन करतो. सर्व्हर इन्स्टॉलर सगळं सिस्टिमडी-नेटवर्कडीकडे (नेट सांभाळणारा आणखी एक प्रोग्राम) देतो, वर डेस्कटॉप टाकला की हीच तक्रार. ईटीसी-नेटप्लॅनमधल्या यामल फाइलीत 'रेंडरर' (नेट कोणी सांभाळायचं ते) नेटवर्कमॅनेजर करायचा. मग थेट 'अप्लाय' न देता 'नेटप्लॅन ट्राय' द्या: 120 सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी परत येते. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्या.

नवाभिडू: इफडाउन, #, रीस्टार्ट या क्रमाने केलं, यादी आली. केबलच्या पोर्टचं नावही त्याच फाइलीत आहे, ते राहू दे का?

खटपट्या: स्थिर आयपी नसेल तर त्यालाही #. स्थिर आयपी हवा असेल तर तो आता सेटिंग्जमधूनच द्या.